चौथ्या गावातली म्हातारी

"ती म्हातारी मान वळवते, एवढं नक्की," शाईवाला म्हणाला आणि त्याने डब्याचं झाकण दाबून लावलं. "का वळवते, ते एकोणीस वर्षांत कुणालाही कळलेलं नाही."

हे तो छापखान्यात प्रूफं वाचणाऱ्या तिला सांगतच नव्हता. समोर बसलेल्या, कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याला सांगत होता, आणि कटिंगवाला नेहमीप्रमाणे जेवणानंतरच्या गुंगीत हं हं करत होता. तिच्या हातात एका खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक होतं, जेवताना वाचायला आणलेलं. 'मात्रा' या शब्दाखाली तिचा अंगठा होता, आणि पुढची ओळ तिने तीनदा वाचली तरी डोक्यात शिरेना. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, जगात कुणीही न वाचणारा तो बारीक अक्षरातला कागद वाचणं हे गेली चौदा वर्षं तिचं काम होतं. छापखान्यातून असा एकही कागद तिच्या सहीशिवाय बाहेर पडत नसे. डोळ्यात तेल घालून वाचायचं, चूक दिसली की लाल वर्तुळ, नाही दिसली की सही. नवरा म्हणायचा, तू आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा लेखी देशील. आणि आता त्याच डोळ्यांपुढे 'दिवसातून दोनदा' ही ओळ नुसती पडून होती, जशी परक्या लिपीत असावी. कुठली म्हातारी, हे तिला विचारायची गरज नव्हती. तरीही तिने विचारलं. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून, कागदावरून मान न उचलता विचारलं, "कुठली म्हातारी हो?"

शाईवाल्याला कुणी असं विचारण्याची सवय नसावी. पन्नाशीचा, नखांच्या कडांना कायमचा निळा रंग बसलेला तो माणूस एकदम खुर्ची सरकवून तिच्याकडे वळला. एक जुना गेम आहे, त्याने सांगितलं, 'सात विहिरी' नावाचा. एक प्रवासी पाणी शोधत सात गावं फिरतो. चौथ्या गावात एका घराच्या पायरीवर एक म्हातारी बसलेली असते, भिंतीकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ. तिच्याशी बोलता येत नाही, तिला काही देता येत नाही, ती गेममध्ये कशाच्याच उपयोगाची नाही. पण तिच्यामागे बरोबर अकरा मिनिटं काहीही न करता उभं राहिलं, तर ती मान वळवते, बघते, आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करते. बस्. दार उघडत नाही, खजिना निघत नाही, काही नाही. "आता गेम खेळताना अकरा मिनिटं नुसतं उभं कोण राहतं, सांगा तुम्ही. म्हणजे ज्याने हे ठेवलं त्याला ते सहजासहजी सापडायला नको होतं. हे काहीतरी फार मोठं आहे, बाई." मग त्याने लोकांचे तर्क सांगितले. कुणी त्या घराची कौलं मोजली होती. कुणी म्हणे ती प्रवाशाची आई. कुणी तिच्या श्वासाचा आवाज उलटा लावून ऐकला होता. सुतावरून स्वर्ग गाठणारे हजारो लोक कुठल्या कुठल्या देशांत बसून एकमेकांना पत्रं लिहीत होते, आणि तिच्या टेबलापासून वीस पावलांवर शाई घोटणारा हा माणूस त्यांतलाच एक, अकरा वर्षांपासून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तिच्या मनात आलं. मग लगेच लक्षात आलं, की तो कळसा तीच होती.

म्हणजे म्हातारीने मान वळवली होती. खरोखर वळवली होती. दुपारभर ती टेबलाशी बसून हे एकच वाक्य मनात फिरवत राहिली. दोन पत्रकं तिने सही न करता बाजूला ठेवली, कारण आज तिच्या वाचण्यावर तिचाच भरवसा नव्हता. सव्विसाव्या वर्षी ती ज्या स्टुडिओत होती तिथे तिला भिंगबाई म्हणत. चार खोल्यांची जागा, पंधरा माणसं, आणि ती एकटी टेस्टर. गेम खेळायचा नाही, तपासायचा, हा फरक बाहेरच्यांना कधी कळत नाही. त्यांना वाटतं, काय मजा आहे, दिवसभर खेळायचं. तिचं काम म्हणजे प्रवाशाला प्रत्येक भिंतीला खेटून चालवायचं, भिंतीत कुठे फट आहे का, माणूस आरपार जातो का ते बघायला. एका गावाच्या भिंतींना आठवडा लागे. रात्री जेवताना ताटाच्या कडेकडेने तिचं बोट फिरायचं, आणि आई ओरडायची. आणि त्या स्टुडिओची एक रीत होती. गेमचं काम संपत आलं की कोड लिहिणारे मास्तर त्यात मुद्दाम दहा बग, म्हणजे चुका, पेरायचे. कुठे दिव्याची सावली उलट्या बाजूला, कुठे बोकडाला पाचवा पाय. टेस्टर जागा आहे की झोपला, ते कळावं म्हणून. टेस्टरने खऱ्या चुकांबरोबर तेही शोधून कागदावर लिहायचे, मास्तरांनी ते काढून टाकायचे, आणि मगच गेम बाहेर. तीन वर्षांत सहा गेम झाले, आणि सहाही वेळा तिने दहाचे दहा लिहून दिले होते. मास्तर कागद बघून नुसती मान हलवायचे. कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या मान हलवण्यावर ती आठ दिवस तरंगत असे.

सातव्या वेळी, 'सात विहिरी'च्या वेळी, नऊ झाले. नुसतं उभं राहण्याची एक चाचणी असते: प्रवाशाला सोडून द्यायचं आणि बघायचं, तो आपोआप हलतो का, गेम अडकतो का. दर गावात दहा मिनिटं. त्या दिवशी चौथ्या गावात ती घड्याळ बघायचं विसरली. आठ महिने त्या गावांतून ती एकटी हिंडत होती, तिथल्या माणसांच्या आरपार हात घालून बघत होती, आणि कुणी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं, कारण बघायला त्यांच्यात कुणी नव्हतंच. आणि म्हातारीने मान वळवली. सावकाश, कुणीतरी आल्याची चाहूल लागल्यासारखी. सरळ तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पाठ केली. तिने पेन उचललं होतं. कागदावर 'गाव चार' एवढं लिहिलंही होतं. मग ते खोडलं. का खोडलं, याचं उत्तर तिने स्वतःला पुष्कळदा दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी ते घरच्या जुन्या कपाटापाशी जाऊन थांबायचं. ती सात वर्षांची असताना त्या कपाटाच्या मागे, भिंतीत, तिला एक भोक सापडलं होतं. त्यातून शेजारच्यांचा जिना दिसे: चढणारे पाय, उतरणारे पाय, कधी पिशवीतून निसटून घरंगळत जाणारा एखादा बटाटा. चार दिवस तिने ते एकटीने बघितलं, आणि पाचव्या दिवशी राहवेना म्हणून दादाला सांगितलं. संध्याकाळी दादाने तिथे सिमेंट भरलं होतं. झुरळं येतात म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण सांगितलं की बुजवतात, हे तिला तेव्हा कळलं ते कळलंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या मुठीची किंमत मात्र चांगलीच पडली. म्हातारीचं बघणं हा पेरलेला बग असेल हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही. पेरलेले बग ढोबळ असत, आणि हे इतकं हळुवार होतं. तिला वाटलं, ही कोडमध्ये आपोआप पडलेली गाठ आहे, जशी लाकडात पडते. पेरलेल्यांपैकी एक खरंच नजरेतून सुटला असेल. नऊच सापडले म्हणून मालकांनी तिला बोलावलं आणि गोड शब्दांत सांगितलं की डोळ्यांना विश्रांतीची गरज दिसते. भांडायचं तर कशाच्या जोरावर? आणि मग एक वेगळीच कीड लागली. तो गेम तिने पुन्हा उघडला नाही, कारण आधी राग होता, नंतर भीती. पाच-सहा वर्षांनी तिला वाटायला लागलं की म्हातारीने मान वळवलीच नसेल. आठ महिने भिंती बघून थकलेल्या मुलीला भास झाला असेल. डोळे थकले म्हणून काढलं ना? मग खरंच थकले असतील. नोकरी गेल्याचं दुःख तिने कधीच गिळलं होतं, पण जिच्यासाठी गेली ती मुळात नव्हतीच असं निघालं, तर आपल्या डोळ्यांवर पुन्हा कधी विश्वास ठेवायचा, हा प्रश्न चौदा वर्षं प्रत्येक सहीच्या वेळी तिच्या मनगटापाशी उभा असे. सही करून झाल्यावर ती कागद पुन्हा एकदा वाचत असे. कुणाला ते दिसत नव्हतं. छापखान्याचे मालक उलट म्हणायचे, बाई फार काटेकोर.

दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन शाईवाल्याच्या शेजारी डबा घेऊन बसली. त्याच्याकडे एक वही होती, प्लास्टिकचं कव्हर घातलेली, आणि ती तो निळ्या बोटांनी न धरता तळहातांत धरायचा. दोनशे बारा नोंदी होत्या. तारीख, किती मिनिटं, प्रवासी कुठून आला, म्हातारीची नजर कुठे, बघणारा कोण. काही त्याच्या, काही दूरदेशीच्या लोकांनी कळवलेल्या. "सगळ्यांना वाटतं ती आपल्याकडे बघते," तो म्हणाला. "मलाही वाटलं होतं, पहिली दोन वर्षं. तसं नाहीये, बाई. त्या गावाला चार वाटा आहेत. ज्या वाटेने प्रवासी गावात शिरला, त्या वाटेकडे ती बघते. आपण मध्ये उभे असलो तर वाटतं आपल्याकडे. दोन पावलं सरकून उभं राहा, ती तुमच्या बाजूने पलीकडे बघते. हे मी काढलंय शोधून." त्याने ते शेवटचं वाक्य खाली बघत म्हटलं, शाळेत बक्षीस मिळाल्याचं घरी सांगणाऱ्या मुलासारखं. तिला तोंडात मारल्यासारखं झालं. ती पूर्वेच्या वाटेने शिरली होती, आणि वाटेकडे पाठ करून उभी राहिली होती. एकोणीस वर्षं तिने जी नजर सांभाळून ठेवली, ती तिच्यावर नव्हतीच. राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला फार दिवसांनी एक गोष्ट जाणवली: पुढचं विचारावंसं वाटत होतं.

"आता सगळं संपणार म्हणा," शाईवाला म्हणाला. "गेम नव्याने काढतायत. जुन्या कोडवाल्याला विचारून घेणार आहेत, काय ठेवायचं आणि काय काढायचं. म्हातारीला काढलं, तर झालंच. आणि ठेवलं तर काहीतरी थिल्लर उत्तर चिकटवतील, मान वळवली की सोन्याची नाणी." त्याने वहीच्या कव्हरवरून हात फिरवला. "मला उत्तर नको असं नाही. हवंच आहे. पण खरं हवंय." तिने वही दोन दिवसांसाठी मागितली. त्याने बराच वेळ घेतला, आणि मग दिली. आपण त्या स्टुडिओत होतो हे तिने त्याला सांगितलं नाही, आणि न सांगितल्याची लाज तिला वही पिशवीत घालताना वाटली.

मास्तरांचं घर तिला माहीत होतं. रविवारी सकाळी ती गेली, तेव्हा ते टेबलावर जाड चादर अंथरून शर्टांना इस्त्री करत होते. केस पांढरे झाले होते, पण कॉलरची घडी मारताना ओठ आत ओढायची सवय तीच. "ये," ते म्हणाले, जणू ती काल संध्याकाळीच गेली होती. "भिंगबाई. किती वर्षांनी." तिने इकडच्या तिकडच्या गोष्टी काढल्या. त्यांच्या मुलीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा प्रकार. शेवटी मास्तरच म्हणाले, "म्हातारीसाठी आलीस ना? गेम नव्याने काढणारेही आजकाल मला तिच्यासाठीच फोन करतात."

"ते तुम्ही केलं होतं?"

"मग कुणी? पेरलेला बग होता तो. दहावा." त्यांनी बाही उलटी केली. "दर वेळी तू दहाच्या दहा आणायचीस. कौतुक होतं गं, पण एकदा तरी तुला हरवावं असं वाटायचं. तू उभं राहण्याची चाचणी दहा मिनिटांची करतेस हे मला माहीत होतं. म्हणून अकरा ठेवली."

"मग काढला का नाहीत?"

मास्तरांचा हात इस्त्रीवर थांबला, आणि शर्ट करपायच्या आत त्यांनी ती उभी करून ठेवली. पेरणाऱ्याने आपली यादी ठेवायची असते, ते म्हणाले. नियमच तसा होता. पण सहा गेम ती दहाचे दहा आणत होती, तेव्हा त्यांनी स्वतःची यादी ठेवणंच सोडून दिलं होतं. तिच्या कागदावरून बग काढायचे. तिच्या कागदावर आहे म्हणजे सगळं आहे. "नऊ आले, नऊ काढले. दहावा कोणता, तेच आठवेना. आठवडाभर डोकं खाजवलं, आठवलं तोवर गेम बाहेर गेला होता. मालकांना यादीचं सांगितलं असतं तर माझंच बिंग बाहेर पडलं असतं. मी म्हटलं, बाईच्या नजरेतून सुटला." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "खोटं नव्हतं ते. पण अर्धंच होतं."

"सुटला नव्हता," ती म्हणाली. "मी बघितला होता."

हे वाक्य तिने मनात इतक्या वेळा म्हटलं होतं, की बाहेर पडलं तेव्हा त्यात काही जोरच उरला नव्हता. मास्तरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. लिहिलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, लिहिलं असतं तर काढला असता. दोन शहाणी माणसं, एकाने यादी ठेवली नाही आणि दुसरीने ओळ खोडली, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीतून एक म्हातारी जगात निसटली होती. तिला हसू आलं. मास्तरांच्याही ओठांचा कोपरा हलला. डोळे थकले नव्हते. एवढं एक वाक्य ऐकायला ती आली होती, आणि ते आता तिच्याजवळ होतं, आणि तरीही उठावंसं वाटत नव्हतं.

"ती वाटेकडे का बघते?" तिने विचारलं.

"कुठल्या वाटेकडे? मान वळते आणि उत्तरेकडे थांबते. दोन ओळींचा कोड. वाटबीट काही नाही."

तिने पिशवीतून वही काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली. मास्तरांनी चष्मा लावला. आधी त्यांनी ती वही नापास मुलाची उत्तरपत्रिका चाळावी तशी चाळली, मग हळूहळू, मग एका पानावर बोट ठेवून मागच्या पानावर गेले. पूर्व, पूर्व, दक्षिण, उत्तर, पश्चिम. चहा करायचं त्यांना सुचलं नाही, आणि तिलाही आठवलं नाही. "हे मी केलेलं नाही," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा आवाज तरुण झाला होता. "चित्रकाराने माझ्यामागून काही केलं असेल? त्याला कोड कुठला यायला. की वाटांच्या हिशेबातलं काहीतरी त्या दोन ओळींत शिरलं… नाही, तसंही होणार नाही. हा माणूस कोण आहे?"

"शाई घोटतो. आमच्या छापखान्यात."

"उद्या मला त्या नव्या गेमवाल्यांना कळवायचंय," मास्तर म्हणाले. "मी बग म्हणून लिहिणार होतो. काढून टाका, असं. आता तू सांग. तुझ्या तोंडून ऐकून लिहितो. एवढं तरी मी तुझं देणं लागतो."

एकोणीस वर्षांपूर्वी हाच प्रश्न कागदावर होता, आणि तेव्हाही उत्तरं दोनच होती: काढायचं किंवा राहू द्यायचं. तिने वही मिटून पिशवीत ठेवली. "तपासणी पूर्ण झालेली नाही, असं लिहा," ती म्हणाली. "ती होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असंही लिहा."

"किती दिवस लागतील म्हणू?"

"सांगता येत नाही. मी आजवर नीट बघितलंच नव्हतं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने शाईवाल्याला सगळं सांगितलं. स्टुडिओ, पेरलेले बग, खोडलेली ओळ, मास्तरांची न ठेवलेली यादी. कटिंगवाला पहिल्यांदाच जागा राहून ऐकत होता. सांगताना तिला धाकधूक होती: अकरा वर्षं खपून डोंगर पोखरला आणि हा उंदीर निघाला, असं त्याला वाटेल, आणि वाटलं तर ते बरोबरच असेल. शाईवाल्याने घास हातात धरून ठेवला होता. "म्हणजे मान त्यांनी वळवली," तो सावकाश म्हणाला, "पण बघायला तिला त्यांनी शिकवलं नाही." मग त्याने घास खाली ठेवला, हात धुऊन आला, फडक्याला पुसून पुन्हा पुसला, आणि वही उघडली. दोनशे बारा खाली त्याने दोनशे तेरा लिहिलं.

"पहिली नोंद तुमची असणार," तो म्हणाला. "सगळ्यांत जुनी. तारीख?"

तिने सांगितली. ती तिला तोंडपाठ होती. मिनिटं अकरा. प्रवासी पूर्वेकडून आलेला. बघणाऱ्याच्या रकान्यात काय लिहू, त्याने विचारलं, आणि ती म्हणाली, टेस्टर लिहा. उरला एकच रकाना, आणि पेन तिथे थांबून राहिलं. नजर कुठे? माझ्याकडे, असं तिच्या जिभेवर आलं होतं. त्या एका शब्दावर तिने सव्विसावं वर्ष, नोकरी आणि पुढची सगळी वर्षं रेटली होती, आणि तो सोडताना तिला खरोखर दुखलं. डोळे भरून आले, आणि शाईवाल्याने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

"पूर्वेच्या वाटेकडे," ती म्हणाली.

त्याने लिहिलं. शाई वाळेपर्यंत दोघंही त्या ओळीकडे बघत होती. मग तिने खुर्ची त्याच्या बाजूला ओढून घेतली आणि विचारलं, "कोण येणार असेल हो तिच्याकडे?"